राजर्षी शाहू महाराज आणि मॅट्रिकपर्यंत पोहोचलेली मुलं



जून उजाडला की आमच्या कोल्हापुरातल्या शाळांत दोन गोष्टी बरोबरीनं चालतात. दहावीच्या निकालाची चर्चा अजून संपलेली नसते आणि २६ जूनच्या शाहू जयंतीची भाषणं पाठ करून घ्यायला सुरुवात झालेली असते. स्टाफरूममध्ये एका टेबलावर कुणाचे किती टक्के, कोण सायन्सला जाणार, कोण झेपणार नाही म्हणून आयटीआयला, अशी बोलणी चालू असतात. पलीकडच्या टेबलावर सहावीतली मुलगी महाराजांचा जन्म कधी, दत्तकविधान कधी, राज्यारोहण कधी हे घडाघडा म्हणून दाखवत असते. या दोन टेबलांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे माझ्याही डोक्यात बरीच वर्षं आलं नव्हतं.

म्हणून यंदाच्या लेखात महाराजांचं सगळं चरित्र सांगत नाही. राधानगरीचं धरण, कुस्तीचं खासबाग मैदान, वेदोक्त प्रकरण, शाहूपुरीची बाजारपेठ, हे सगळं आपण मुलांना सांगतोच. इथं एकच धागा धरतो. मुलगा कॉलेजच्या दारापर्यंत पोहोचतो कसा आणि पोहोचत नसेल तर अडतो कुठं, या प्रश्नामागे महाराज सुमारे पंचवीस वर्षं लागले होते. आणि या पंचवीस वर्षांत त्यांचं उत्तर बदलत गेलं. मला तो बदलच जास्त शिकण्यासारखा वाटतो.

जन्म २६ जून १८७४, कागलच्या घाटगे घराण्यात. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव आबासाहेब. आई राधाबाई मुलगा तीन वर्षांचा असतानाच गेल्या. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेल्यावर यशवंताचे शाहू झाले. वय दहाच्या आत. दोन वर्षांनी वडीलही गेले. पुढचं शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि मग धारवाडला फ्रेजर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झालं. धारवाडला शिकवणारे रघुनाथराव सबनीस पुढं महाराजांचे दिवाण झाले, म्हणजे गुरुजींचा हात शेवटपर्यंत जवळ राहिला. या काळात महाराजांना हिंदुस्थानभर फिरवलं, कारभार कसा चालतो ते दाखवलं. थोडक्यात, त्यांना राज्य करण्यासाठी तयार केलं गेलं. राहायला जागा, वेळेवर जेवण, शिकवायला चांगली माणसं आणि पुढं काय व्हायचंय याची खात्री. या चारही गोष्टी त्यांना मिळाल्या होत्या. आपल्या मुलखातल्या बाकीच्या मुलांना त्यातली एकही मिळत नाही, हे त्यांना कधी जाणवलं ते सांगता येत नाही, पण गादीवर बसल्यावर दोनच वर्षांत त्यांची पावलं त्या दिशेनं पडू लागली होती.

२ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती आला. तेव्हा महाराज वीस वर्षांचेही नव्हते. दरबारातल्या सरकारी जागांचा हिशोब त्या वेळचा असा होता: मुलकी खात्यातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी आणि ११ जागांवर बाकीच्या सगळ्या जाती मिळून. हा आकडा आपण भाषणात सांगतो आणि पुढं जातो. पण शिक्षकानं इथं थांबायला हवं. या ६० जणांना कुणी चोरून जागा दिल्या नव्हत्या. त्यांच्याकडं मॅट्रिकचा, कॉलेजचा कागद होता. बाकीच्यांकडं तो नव्हता. म्हणजे प्रश्न कचेरीत दिसत होता, पण तो तयार झाला होता शाळेत.

आता मॅट्रिक म्हणजे काय, हे आजच्या पालकांना थोडं सांगायला हवं. मॅट्रिक ही मुंबई विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. कॉलेजात शिकायला मुलगा तयार आहे की नाही, हे ती ठरवायची. पेपर मुंबईचे, तपासणारे मुंबईचे, भाषा बहुतेक इंग्रजी. कोल्हापूरच्या राजाला त्यात एका गुणाचाही फेरफार करता येत नव्हता. शहरात राजाराम कॉलेज १८८० पासून होतं, भवानी मंडपाच्या आवारात. म्हणजे कॉलेज घराजवळ होतं आणि पात्रतेची कसोटी दूर मुंबईत. दर्जा खाली आणून मुलं वर न्यायची, ही पळवाट महाराजांना उपलब्धच नव्हती. मला वाटतं, हे एक बरंच झालं. कारण मग एकच मार्ग उरत होता, तो म्हणजे मुलाला त्या कसोटीपर्यंत नेणं.

मग मुलं अडत होती कुठं? फी हे एक कारण. पण त्याहून मोठं कारण पोटाचं आणि निवाऱ्याचं होतं. इंग्रजी शाळा शहरात. भुदरगडचा, पन्हाळ्याचा, गडहिंग्लजचा मुलगा शिकायचा म्हटला तर त्याला कोल्हापुरात राहावं लागणार. गरीब ब्राह्मण मुलाला निदान माधुकरी होती, वार लावून जेवायची रीत होती. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्यात मानहानी होती, उपासही घडायचे, पण रीत होती. शिवाय शहरात कुणी ना कुणी नातलग असायचा आणि घरात पुस्तक ही वस्तू परकी नसायची. शेतकऱ्याच्या, धनगराच्या, कोष्ट्याच्या मुलाला शहरात वार कोण लावून देणार? आणि महाराच्या, मांगाच्या मुलाला तर ओसरीवरही कोण घेणार? हुशारी असूनही मुलगा चौथी-पाचवीतच गुरांमागं जायचा. आपण त्याला गळती म्हणतो. शब्द नवा आहे, गोष्ट जुनी.

१८९६ मध्ये महाराजांनी राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढलं. सर्व जातींना खुलं. कागदावर काहीच चूक नव्हती. पण काही वर्षांतच तिथं जवळजवळ सगळी ब्राह्मण मुलंच राहू लागली. व्यवस्था त्यांच्या हातात, स्वयंपाकघर त्यांच्या सोवळ्याचं, आणि मुळात कॉलेजपर्यंत पोहोचलेली मुलंही बहुतेक त्यांचीच. दार सगळ्यांना उघडं होतं, पण दारापर्यंत यायलाच बाकीचे नव्हते. जे थोडे आले त्यांना आत परकं वाटलं.

ही माझ्या दृष्टीनं या चरित्रातली सगळ्यांत महत्त्वाची घटना आहे आणि ती जयंतीच्या भाषणात कधीच येत नाही, कारण ती अपयशाची आहे. योजना फसली. दुसरा एखादा राजा म्हणाला असता, मी सोय केली, यांना शिकायचंच नाही. आपणही स्टाफरूममध्ये असं किती वेळा म्हणतो! पुस्तकं फुकट, खिचडी फुकट, गणवेश फुकट, तरी येत नाहीत. महाराजांनी योजना का फसली ते पाहिलं आणि पुन्हा मांडणी केली.

त्या वेळी दरबारात भास्करराव जाधव होते. एम.ए., एलएल.बी. झालेला मराठा तरुण म्हणजे तेव्हा दुर्मिळच. महाराजांनी त्यांना १८९५ मध्ये नोकरीत घेतलं होतं. अशा शिकलेल्या दोन-चार माणसांशी आणि मॅट्रिकपर्यंत कसाबसा पोहोचलेल्या पी. सी. पाटलांसारख्या शेतकऱ्यांच्या मुलांशी बोलून अडचण कुठं आहे ते कळत गेलं. हे पाटील पुढं शेतीशास्त्रातले मोठे जाणकार झाले. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगचं काम उभं राहिलं, १९०७ मध्ये लिंगायत समाजाचं, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. हे नाव मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं. पुढं शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती, प्रभू, अशी ही रांग वाढत गेली. महाराजांनी जागा दिल्या, इमारतींना पैसे दिले, वार्षिक उत्पन्नं लावून दिली. पण चालवायची जबाबदारी त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांवर टाकली. आजही दसरा चौकात उभं राहिलं की चारी बाजूंना ही बोर्डिंगं दिसतात. परगावचे पाहुणे आले की मी त्यांना रंकाळ्यावर नेण्याआधी इथं आणतो. त्यांना वाटतं, गाडी लावायला थांबलोय.

जातवार वसतिगृहं काढली, म्हणजे जात घट्टच केली की, असा प्रश्न माझ्या वर्गातल्या एका मुलीनं मला विचारला होता. प्रश्न रास्त आहे आणि त्याला पाठ्यपुस्तकी उत्तर देऊ नये. १८९६ चा सर्वांसाठी एकच हा प्रयोग आधी करून झाला होता, तो चालला नव्हता. एकत्र जेवण हेच तेव्हा अशक्य होतं. प्रत्येक समाजानं आपापल्या मुलांसाठी वर्गणी काढावी, आपल्यातलाच कुणी सुपरिंटेंडेंट व्हावा, म्हणजे मुलाला पाठवायला आईबापांचा जीव धजेल, हा हिशोब त्यामागं होता. तरीही या भिंती पुढं राहिल्याच, हेही खरं. महाराजांना स्वतःलाही ही कायमची सोय वाटत नसावी, कारण शाळांच्या बाबतीत त्यांनी पुढं अगदी उलट पाऊल उचललं. ते खाली येईलच.

वसतिगृहात मुलाला काय मिळत होतं? दोन वेळचं जेवण. रात्री अभ्यासाला दिवा. बरोबरीची मुलं, ज्यांना पाहून आपल्यालाही जमेल असं वाटावं. वेळापत्रक. आणि गावाकडून आलेल्या बापाला उतरायला एक ओळखीची जागा. यातलं काहीही अभ्यासक्रमात नाही, पण दहावीचा वर्ग शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, निकाल कशावर हलतो ते. अभ्यासाला कोपरा नसलेल्या मुलाला आपण जादा तास देतो, तो तास संपवून मूल पुन्हा त्याच एका खोलीच्या घरी जातं.

१९०२ मध्ये महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. केंब्रिज विद्यापीठानं त्यांना त्याच वर्षी एलएल.डी. ही पदवी दिली. तिथं असतानाच २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये तो प्रसिद्ध हुकूम निघाला: रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. आरक्षणाचा हुकूम म्हणून आपण तो शिकवतो. पण तो नीट वाचला तर त्याची सुरुवात शिक्षणापासून आहे. सर्व वर्गांना शिक्षण देण्याचे प्रयत्न झाले, पण मागासलेल्या वर्गांत उच्च शिक्षणाला अपेक्षित यश आलं नाही, आणि त्याचं कारण त्या शिक्षणाचा मोबदला पुरेशा लोकांपर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा रोख आहे. म्हणजे नोकऱ्यांची राखीवता हा शिक्षणाला दिलेला रेटा होता. शेतात चार हात कमी करून मुलाला सात-आठ वर्षं शाळेत ठेवायचं, तर शेवटी काहीतरी हाती लागेल याची बापाला खात्री हवी. ती खात्री या हुकमानं दिली. आणि हुकूम काढून महाराज गप्प बसले नाहीत. कोणत्या खात्यात कुणाला नेमलं याचा दर तीन महिन्यांनी तक्ता पाठवायचा, अशी अट त्यातच होती. कागदी परिपत्रक आणि खरी अंमलबजावणी यातला फरक आपण सगळे जाणतोच!

या धोरणावर टीका झाली ती गुणवत्तेच्या नावानं. शिष्यवृत्ती आणि जागा लायकी पाहूनच द्याव्यात, जात पाहून नको, असं म्हणणारी माणसं तेव्हाही होती आणि ती सगळीच वाईट हेतूची नव्हती. याबद्दल कोल्हापुरात एक गोष्ट सांगतात. सांगलीच्या एका नामांकित वकिलांनी हाच मुद्दा महाराजांपुढं मांडला. महाराजांनी वाद घातला नाही. त्यांना घेऊन ते घोड्यांच्या पागेत गेले. रोज प्रत्येक घोड्याच्या तोंडाला चंदीची वेगळी पिशवी बांधायचे, ती त्या दिवशी बांधू दिली नाही. सगळी चंदी एका जाजमावर ओतायला लावली आणि सगळे घोडे एकदम सोडले. दांडगे घोडे पुढं घुसून खाऊ लागले, लंगडी, रोगट, लहान शिंगरं लाथांच्या भीतीनं कडेला उभी राहिली. वकीलसाहेब काय समजायचं ते समजले. गोष्ट जशीच्या तशी घडली की सांगणाऱ्यांनी तिला आकार दिला, देव जाणे. पण मुलांना सांगा, दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही.

दुसरी गोष्ट मला याहून आवडते, कारण ती उलट्या बाजूची आहे. कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील, म्हणजे पुढचे कर्मवीर, कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कुलात शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. महाराजांनी त्यांना राजवाड्यात आसरा दिला. अंगानं पैलवान, मनानं बंडखोर, आणि गणितात कच्चे. इंग्रजी सहावीत ते गणितात नापास झाले. सांगतात की महाराजांनी त्यांना वर चढवण्याबद्दल शिक्षकांकडं शब्द टाकला. गणिताच्या मास्तरांनी उत्तर दिलं की भाऊराव ज्या बाकावर बसतो तो बाक एक वेळ वरच्या वर्गात घालीन, पण भाऊरावला नाही. आणि राजाच्या शब्दाला नाही म्हणणाऱ्या या मास्तरांचं कुणी काही वाकडं केलं नाही.

या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे लक्षात घ्या. चंदीची पिशवी वेगळी बांधायची, पण गणिताचा पेपर गणितासारखाच तपासायचा. भाऊराव मॅट्रिक झालेच नाहीत. पण १९१९ मध्ये काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवणारं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. कोल्हापुरात १८९६ साली जे जमलं नव्हतं ते साताऱ्यात जमलं, आणि जमवलं ते गणितात नापास झालेल्या विद्यार्थ्यानं. आपण ज्या मुलाला कॉलेजला न झेपणारा म्हणून बाजूला काढतो, तो कॉलेजं काढेल की काय, हे आपल्याला तरी कुठं ठाऊक असतं?

आता खाली उतरायची गोष्ट. वसतिगृहं निघाली, फी माफ झाली, नोकऱ्यांची हमी आली. मॅट्रिक होणारी बहुजन मुलं दिसू लागली, पण मूठभर. का? कारण हायस्कुलात येणारा मुलगाच खेड्यातून वर चढत नव्हता. वरचा मजला कितीही सजवला तरी जिना खालून सुरू होतो. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं हेच मांडलं होतं, की सरकारचा पैसा वरच्या शिक्षणावर जातो आणि ज्यांच्या घामातून तो येतो त्यांची मुलं प्राथमिक शाळाही पाहत नाहीत. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ पासून अमरेली भागात सक्तीचं शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानात नेलं. ब्रिटिश मुलखासाठी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये विधेयक आणलं, ते १९१२ मध्ये फेटाळलं गेलं. महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. त्या काळचा रुपया!

४ मार्च १९१८ रोजी करवीर पेठ्यातल्या चिखली गावात पहिली शाळा सुरू झाली. हे पुराचं चिखली, प्रयाग संगमाजवळचं. शाळांना इमारती नव्हत्या, म्हणून देवळं, चावड्या, धर्मशाळा, जिथं चार भिंती मिळतील तिथं वर्ग भरले. पहिल्या वर्षी, १९१७-१८ मध्ये, या योजनेतल्या शाळा २७ आणि मुलं १,२९६. १९२१-२२ मध्ये शाळा ४२० आणि मुलं २२,००७. चार वर्षांत! ज्यांनी एक तुकडी वाढवून मिळावी म्हणून शिक्षण खात्याकडं हेलपाटे घातलेत, त्यांना हा आकडा काय आहे ते कळेल. शिकवणारे कुठून आले, ते किती शिकलेले होते, एवढ्या घाईत शिकवण्याचा दर्जा काय राहिला असेल, हे प्रश्न मला शिक्षक म्हणून पडतात. चावडीत एका मास्तरापुढं चार इयत्ता बसल्या असतील, तर सगळ्यांना सारखं आलं असेल असं मी म्हणणार नाही. पण ज्या मुलानं अक्षरच पाहिलं नाही त्याच्या बाबतीत दर्जाचा प्रश्न निघतच नाही.

१९१९ मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि त्या मुलांना सर्वांच्या शाळांत बसवायचा हुकूम काढला. वर म्हटलं ते उलट पाऊल हेच. वसतिगृहात वेगळी चूल, पण वर्गात एकच बाक.

पैसा मात्र कुठून तरी आणायला लागतो. प्राथमिक शाळांचा खर्च वाढत गेला, तसं सगळंच चालवणं संस्थानाला जड झालं. १९१९ मध्ये महाराजांनी राजाराम कॉलेज आर्य समाजाकडं चालवायला दिलं. यामागं त्यांचे धार्मिक विचारही होते, पण पैशाचं ओझंही होतं. ज्या राजानं सुरुवात कॉलेजच्या वसतिगृहानं केली, त्याच राजानं पंचवीस वर्षांच्या आत कॉलेज दुसऱ्याच्या हाती देऊन खेड्यातल्या चावडीतली शाळा आपल्याकडं ठेवली. यावर आमच्या स्टाफरूममध्ये एकदा चांगलाच वाद झाला होता. एका सहकाऱ्याचं म्हणणं, कॉलेज सोडायला नको होतं. माझं मत वेगळं आहे. कॉलेज बंद पडलं नाही. १९२२ मध्ये डॉ. बाळकृष्ण तिथं प्राचार्य म्हणून आले आणि कॉलेजला पुढं चांगले दिवस आले. खेड्यातली शाळा मात्र दुसऱ्या कुणी घेतली नसती.

मधल्या काळात वरच्या शिक्षणाकडं त्यांचं लक्ष नव्हतं असंही नाही. मुलींच्या शाळांचं काम पाहणाऱ्या रखमाबाई केळवकरांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाली, तिला जास्तीच्या शिक्षणासाठी दरबारच्या खर्चानं परदेशी पाठवलं आणि तिनं कोल्हापूरच्या दवाखान्यात येऊन काम केलं. १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांचा त्यांनी जाहीर गौरव केला. मूकनायक पत्रासाठी अडीच हजारांची मदत दिली. अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब त्याच वर्षी लंडनला परत गेले, त्या वाटेतही महाराजांचा हात होता.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराज गेले. वय ४८ सुद्धा पूर्ण नव्हतं. त्या वर्षी मुलकी खात्यातल्या ९५ जागांपैकी ५९ जागांवर ब्राह्मणेतर होते. १८९४ चे ते ११ आठवा.

शेवटी घरातली एक गोष्ट सांगतो. धाकटे पुत्र शिवाजी महाराज १९१८ मध्ये रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. वर्षभरापूर्वीच त्यांचं लग्न झालं होतं. सून इंदुमती अकरा-बारा वर्षांची. राजघराण्यातली बालविधवा म्हणजे पडद्याआड आयुष्य काढायचं, हे ठरलेलंच होतं. महाराजांनी तिला शिकवायचं ठरवलं. घरातून विरोध झाला, तोही जवळच्या माणसांचा. मग शहराबाहेर सोनतळीच्या बंगल्यावर तिची सोय केली, शिक्षक नेमले आणि एकटीला अभ्यास नकोसा होईल म्हणून वेगवेगळ्या जातींतल्या मुली सोबतीला ठेवल्या. चाळीस-बेचाळीस मुलांच्या वर्गातल्या मास्तराला हेवा वाटावा अशी ही शाळा. पण नीट पाहिलं तर तीच जुनी यादी होती: राहायला जागा, जेवण, दिवा, बरोबरीच्या मैत्रिणी, आणि पुढं काहीतरी होणार आहे असं सांगणारं एक वडीलधारं माणूस.

इंदुमती राणीसाहेब १९२५ मध्ये मॅट्रिक पास झाल्या. डॉक्टर व्हायची त्यांची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. निकाल लागला तेव्हा सासऱ्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.